मोटन फील्ड: एक लहानशी धावपट्टी

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागात टस्कीगी शहराच्या मालकीचा मोटन फील्ड हा विमानतळ आहे. उतरतात ती बहुधा लहान खासगी विमाने. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे.

रोझेनवाल्ड निधीच्या मदतीने टस्कीगी इन्स्टिट्यूटने तो बांधला. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय वैमानिकांचे प्राथमिक शिक्षण येथे होई. जुलै १९४१मध्ये पहिली तुकडी सुरू झाली तेव्हा मैदान पुरते तयारही नव्हते. त्या तुकडीतल्या १३ जणांपैकी मार्च १९४२मध्ये ५ जण वैमानिक झाले. संधी मिळाली खरी. पण गोऱ्यांपासून वेगळी, जणू निराळ्या पंगतीत वाढलेली.

याच संस्थेत शिकलेल्या राल्फ एलिसनने १९४४च्या ‘फ्लाइंग होम’ या कथेत त्यातली गोम पकडली. शिकाऊ कृष्णवर्णीय वैमानिकाचे विमान गिधाडाशी टक्कर होऊन शेतात कोसळते. ज्या अडाणी म्हाताऱ्याशी, स्वतःच्याच वर्णाच्या, नाते सांगायची त्याला लाज वाटते, तोच त्याला आधार देतो. गौरवगाथांपेक्षा मला ही लाज अधिक बोलकी वाटते.

१९४६मध्ये प्रशिक्षण थांबले; १९७२मध्ये मैदानाचा मोठा भाग शहराकडे आला. १९८९च्या आगीत एक हँगर गेला. दुसरा आता राष्ट्रीय स्मारकात आहे आणि शेजारच्या धावपट्टीवर विमाने उतरतच असतात.