तीन शेपट्यांची राणी

बेळगाव-गोव्याकडच्या घरांत जुन्या फोटोंचा एखादा पत्र्याचा डबा असतोच. लग्न-मुंजीचे फोटो चाळताना मधेच एखादे विमान निघते. फोटोतली माणसे कोण, ते आजी सांगते. विमान कोणते, हे कोणालाच ठाऊक नसते. विमानवेडी मंडळी मात्र नेमका तोच फोटो आधी उचलतात.

त्यांची नजर प्रथम आकारावर जाते. पंख मागे कललेले आणि इंजिन एकच, तर ते हंटर. रुंद पंखांवर दोन्हीकडे एकेक जेट इंजिन, तर कॅनबेरा. चार पंखे, माशासारखे बाकदार अंग आणि मागे तीन उभ्या शेपट्या दिसल्या की समजावे, हे कॉन्स्टेलेशन. ही ओळख म्हणजे नुसता छंद नव्हे. आठवणीतली चूक दुरुस्त करण्याचे ते साधन आहे.

‘सांबऱ्याहून उडालेल्या विमानांनी दाबोळीवर बाँब टाकले’ असे मी लहानपणापासून ऐकत आलो. १८ डिसेंबर १९६१ ची हकीकत थोडी वेगळी आहे. सांबऱ्याहून गेली ती सतराव्या स्क्वॉड्रनची सहा हंटर. त्यांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले ते पुण्याहून आलेल्या कॅनबेरांनी. पहिल्या फेरीत विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा विमाने होती, दुसऱ्या फेरीत आठ.

त्या वेळी दाबोळीला दोन प्रवासी विमाने उभी होती. एक ‘ताइप’ या गोव्यातल्या पोर्तुगीज विमानसेवेचे डीसी-४. सीमा बंद झाल्यावर गोवा, दमण, दीव आणि कराची जोडण्यासाठी ही सेवा १९५५ साली निघाली होती. दुसरे लिस्बनच्या ‘ताप’ कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन. भारतीय वैमानिकांनी धावपट्टी फोडली, पण विमानतळाची इमारत आणि ही दोन्ही विमाने शाबूत ठेवली.

रात्री धावपट्टीचा थोडा भाग घाईघाईने बुजवण्यात आला. जास्तीच्या खुर्च्या काढून टाकल्या, अधिकाऱ्यांची कुटुंबे आत बसली आणि कॉन्स्टेलेशनने जेमतेम ७०० मीटरांत उड्डाण केले. उडालेल्या खडी-मातीने त्याच्या अंगाला पंचवीसएक भोके पडली. मागोमाग डीसी-४ निघाले. दोघेही समुद्रावरून अगदी खालून उडत कराचीला पोहोचले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. एकाच रात्री कोणाच्या घरी आनंदाने झोप लागली नसेल, तर कोणाचे घरच मागे राहिले असेल.

त्या विमानाची एक बहीण आज दाबोळीशेजारी बोगमाळोला, १९९८ साली उघडलेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात उभी आहे. ‘एअर इंडिया’ने आपल्या सुपर कॉन्स्टेलेशनांना राण्यांची नावे दिली होती, ही ‘वेरूळची राणी’. आधी प्रवासी नेले, मग हवाई दलाची सेवा केली आणि १९७६ साली नौदलात आल्यावर दाबोळीहूनच समुद्रावर पहारा दिला. पंधरा वर्षांपूर्वी ज्या धावपट्टीवरून एक कॉन्स्टेलेशन अंधारात निसटले होते, तिथेच दुसरे आपले म्हणून उतरू लागले.

विमान जपले गेले, पण त्याला पाहिलेली माणसे एकेक करून जात आहेत. वास्कोत बाँबचे आवाज ऐकलेली, सांबऱ्याला कुंपणापाशी उभी राहिलेली, कॉन्स्टेलेशनमधून परदेशी गेलेली. त्यांच्या फोटोंच्या मागची बाजू बहुधा कोरी असते. या दिवाळीत घरातली साफसफाई करताना तो डबा सापडला, तर वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. गाव, साल आणि फोटो कोणी काढला, एवढे पेन्सिलीने मागे लिहून ठेवा. आठवण मराठीत सांगितलेली असो, कोकणीत असो की कानडीत, आहे तशी लिहा. विमानाचे नाव सांगणारा पुढे कोणीतरी भेटेल. माणसांची नावे सांगणारे आज घरात आहेत.