‘मजकूर काढा’: एका नोटिशीची कुळकथा

इंटरनेटवरून एखादा व्हिडिओ किंवा कागद रातोरात नाहीसा होतो आणि जागेवर ‘कॉपीराइटच्या तक्रारीमुळे हटवला’ एवढी एक ओळ उरते. ना सुनावणी, ना निकाल, नुसती नोटीस पुरते. ही नोटीस जन्मली अमेरिकेत. तिचा गैरवापर करणाऱ्याला पहिल्यांदा किंमत मोजावी लागली, ती मतदान यंत्रांच्या एका प्रकरणात.

मूळ 1995 च्या एका खटल्यात आहे. सायंटॉलॉजी पंथ सोडलेल्या एका माजी धर्मोपदेशकाने पंथाचे मजकूर इंटरनेटवर टाकले. पंथाने त्याच्याबरोबर नेटकॉम या इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीलाही कोर्टात खेचलं. कोर्ट म्हणालं, केवळ तुमच्या तारांतून मजकूर गेला म्हणून तुम्ही थेट दोषी ठरत नाही. पण कोणी लक्षात आणून दिल्यावरही हातावर हात ठेवून बसलात, तर जबाबदारी येऊ शकते. आता लक्षात आणून द्यायचं कसं आणि कंपनीने करायचं काय, हे ठरवणं भाग होतं. ऑक्टोबर 1998 मध्ये आलेल्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याच्या कलम 512 ने ते ठरवलं. हक्कदाराने नोटीस द्यावी, कंपनीने मजकूर ताबडतोब उतरवावा, म्हणजे तिच्यावर नुकसानभरपाईचा बोजा येणार नाही. ज्याचा मजकूर गेला त्याने उलट नोटीस दिली आणि हक्कदार कोर्टात गेला नाही, तर 10 ते 14 कामाच्या दिवसांत तो परत चढवावा. शिवाय जाणूनबुजून खोटा दावा केला तर भरपाई द्यावी लागेल, अशीही तरतूद ठेवली. पण कंपनीच्या दृष्टीने पाहा. मजकूर उतरवला की ती सुटली, ठेवला तर खटल्याची टांगती तलवार. ती काय करणार हे उघड आहे.

आता मतदान यंत्रांकडे वळू. कायदा आल्यावर दोन वर्षांनी फ्लोरिडात अध्यक्षपदाची निवडणूक 537 मतांच्या फरकावर अडली. अर्धवट भोकं पडलेल्या मतपत्रिका दिव्यासमोर धरून मोजणारे कर्मचारी जगाने पाहिले. नाचक्की झाल्यावर 2002 मध्ये जुनी यंत्रं बदलण्यासाठी राज्यांना अब्जावधी डॉलर देणारा कायदा आला. त्याच वर्षी ओहायोच्या डीबोल्ड कंपनीने मतदान यंत्रांचा धंदा विकत घेतला. ही 1859 पासूनची तिजोऱ्या बनवणारी कंपनी, पुढे एटीएमसाठी नावाजलेली. पैसा सांभाळणारी माणसं मतही सांभाळतील, असं लोकांना वाटलं तर नवल नाही.

2003 च्या सुरुवातीला याच कंपनीच्या यंत्रांच्या फाइली इंटरनेटवर उघड्यावर पडलेल्या सापडल्या. जुलैमध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि राइस विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्यांतला प्रोग्रॅम तपासला, तेव्हा साठवलेली माहिती कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली सगळीकडे एकच आणि प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलेली निघाली. मग फुटला कंपनीतल्या हजारो अंतर्गत ई-मेलचा साठा. त्यातला एक संदर्भ आजही अंगावर काटा आणतो. 7 नोव्हेंबर 2000 च्या रात्री फ्लोरिडातल्या व्होलुशा काउंटीत, 216 क्रमांकाच्या केंद्राचा आकडा चढवताना अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांच्या नावापुढे उणे 16,022 मतं लागली. मत शून्य असू शकतं; उणे कसं असेल? चूक त्याच रात्री दुरुस्त झाली. पण असं झालंच कसं, याचा खुलासा काउंटीची एक कर्मचारी नंतर मागत होती, आणि यंत्रांच्या तेव्हाच्या कंपनीतले लोक आपसांत त्यावर तर्क लढवत होते.

विद्यार्थ्यांनी हा साठा इंटरनेटवर ठेवला. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजचे नेल्सन पाव्लोस्की आणि ल्यूक स्मिथ त्यात पुढे होते. डीबोल्डने ई-मेल आपल्या मालकीचे सांगून कलम 512 च्या नोटिशा धाडल्या. कॉलेजने मजकूर उतरवायला लावला, तर दुसऱ्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी तो चढवला. ऑनलाइन पॉलिसी ग्रुप या ना-नफा सेवादारालाही नोटीस गेली. त्यांच्याकडच्या एका बातमीस्थळावर ई-मेलकडे नेणारा केवळ दुवा होता, तरीही.

मला या नोटिशांची एक गोष्ट फार बोलकी वाटते. कॉपीराइट सांगायचा तर मजकूर आपला आहे हे आधी कबूल करावं लागतं. म्हणजे ई-मेल खरे, यंत्रांबद्दलच्या शंका खऱ्या, आणि तरी मतदारांनी ते वाचायचे नाहीत!

विद्यार्थी आणि ऑनलाइन पॉलिसी ग्रुप कोर्टात गेले. ओहायोचे काँग्रेस सदस्य डेनिस कुसिनिच यांनी ई-मेलमधले उतारे आपल्या सरकारी संकेतस्थळावर लावले. डीबोल्डने कारवाईच्या धमक्या मागे घेतल्या, पण खटला चालू राहिला. 30 सप्टेंबर 2004 रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या कोर्टात न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी निकाल दिला: यंत्रांतल्या दोषांची चर्चा करणाऱ्या ई-मेलवर कॉपीराइट बजावता येईल असं कोणत्याही समंजस हक्कदाराला वाटणं शक्य नव्हतं, डीबोल्डने जाणूनबुजून खोटा दावा केला. खोट्या नोटिशीबद्दल दोषी ठरलेली ही पहिली कंपनी. खर्च आणि भरपाई धरून तिने 1,25,000 डॉलर मोजले. 2007 मध्ये तिने निवडणूक विभागाचं नाव बदललं आणि 2009 मध्ये तो विकून टाकला.

एवढ्यावर समाधान मानता आलं असतं तर बरं झालं असतं. पण 2004 च्याच अखेरीस दुसऱ्या खटल्यात वरच्या कोर्टाने म्हटलं, नोटीस देणाऱ्याला मनापासून आपला हक्क आहे असं वाटत असेल तर पुरे. मनात काय होतं हे सिद्ध करायचं ओझं आलं नोटीस मिळालेल्याच्या डोक्यावर. माझ्या मते फोगेल यांची कसोटीच योग्य होती. निवडणुकीच्या तोंडावर दोन आठवडे मजकूर दिसेनासा झाला, तर तो नंतर परत येऊन काय उपयोग?

ही नोटीस 2012 च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यातही आली, कलम 52 मध्ये. तात्पुरत्या साठवणुकीबाबत तक्रार आल्यावर मजकूर 21 दिवस रोखायचा. तेवढ्यात तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. निराधार धमकीविरुद्ध दाद मागायची सोय कलम 60 मध्ये आहे. लोकहिताचा कागद तुम्ही प्रसिद्ध केलात आणि अशी नोटीस दारात आली, तर घाबरून सगळं पुसून टाकू नका. तारीख लिहून ठेवा, वकिलाला दाखवा आणि तक्रारदाराकडे कोर्टाचा आदेश मागा.