अडकलेला बोल्ट : यंत्रेतिहासाचे एक उपेक्षित साधन
(दिवा-कल्याण परिसराच्या अनुषंगाने)

१

जुन्या मोटारीची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचा निम्मा वेळ यंत्र दुरुस्त करण्यात जात नाही. तो यंत्र उघडण्यात जातो. वर्षानुवर्षे गंजून जाम झालेला बोल्ट सुटत नाही, जोर केला तर त्याचे डोके तुटते आणि उरलेला तुकडा बिडाच्या अगर ॲल्युमिनियमच्या अंगात रुतून बसतो. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, इतिहासाच्या अभ्यासकाने तिची दखल घ्यावी असे सहसा कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, हा अडकलेला बोल्ट ताम्रपटाइतका वाचनीय नसला तरी त्याच्यासारखाच एक पुरावा आहे, हे दाखवावे. आणि तो वाचण्याचे ज्ञान ज्यांच्या हातांत आहे त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावे.

या प्रश्नासाठी दिवा, शिळ, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण हा पट्टा विशेष सोयीचा आहे. एका बाजूस ठाण्याची खाडी व उल्हास नदीचे मुख, खाजण आणि खारफुटी. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. आणि अगदी जवळ मोटार-उद्योगाचे मुंबई केंद्र. लोखंडाला गंजविणारे हवामान आणि लोखंड चालते ठेवणारे कसब ही दोन्ही येथे शेजारीशेजारी नांदली.

२

मुंबईत मोटारी जुळविण्याचा उद्योग जनरल मोटर्सने १९२८ मध्ये सुरू केला व फोर्डनेही तेथे गाड्या जुळविल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ इत्यादी गाड्या व पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे वाव उरला नाही. फियाट ११०० ही गाडी १९६४ मध्ये ‘डिलाइट’ व १९७४ मध्ये ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९० च्या दशकात याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवली परिसरातील कारखान्यात प्यूजो ३०९ ही गाडीही तयार झाली.

आयातीवर निर्बंध, नव्या गाडीसाठी वर्षांची प्रतीक्षा आणि किंमत आवाक्याबाहेर, अशा स्थितीत गाडी मोडीत काढणे हा व्यवहार्य मार्ग नव्हता. म्हणून एकच गाडी दोन-तीन पिढ्यांच्या मिस्त्रींच्या हातांखालून गेली. या दीर्घायुष्याची किंमत तिच्या बोल्टांनी भरली.

३

तथापि गंज हे एकच कारण नव्हे. बोल्ट जाम होण्याचे दुसरे कारण शुद्ध ऐतिहासिक आहे, आणि ते आट्यांच्या मापांत दडलेले आहे.

जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचे एकच प्रमाण सुचविले; त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा पुढे मांडला. युरोपखंडात मिलिमीटरवर आधारलेली पद्धत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची यंत्रसामग्री एकमेकांस जुळेना, तेव्हा ही अडचण प्रकर्षाने जाणवली. आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ‘युनिफाइड’ आटा मान्य केला. भारतात १९५६ च्या वजने व मापे कायद्याने दशमान पद्धतीचा पाया घातला. परंतु कायद्याने जुनी गाडी बदलत नाही. त्यामुळे मुंबई-कल्याणच्या एकाच गॅरेजात ब्रिटिश, अमेरिकी व मेट्रिक अशा तिन्ही कुळांचे बोल्ट एका डब्यात येऊन पडले.

याचा परिणाम कसा घडतो ते आकड्यांवरून स्पष्ट होईल. ५/१६ इंची बोल्टाचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या अगदी जवळचा. परंतु जाड आट्याच्या ५/१६ बोल्टावर इंचास १८ आटे असतात. दोन आट्यांतील अंतर सुमारे १.४१ मिलिमीटर. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टात हेच अंतर १.२५ असते. म्हणजे दर फेऱ्यास ०.१६ मिलिमीटरची चूक साठत जाते. पहिले एक-दोन फेरे बोल्ट बसल्यासारखा वाटतो, पुढे तो आटे चिरडत जातो व घट्ट होतो. घट्टपणा म्हणजे पक्केपणा, असा समज होतो. आणि पुढच्या मिस्त्रीच्या वाट्याला तुटका बोल्ट येतो.

पान्यांचीही हीच कथा. अमेरिकी पान्यावर त्याच्या तोंडाचे माप असते, तर व्हिटवर्थ पान्यावर बोल्टाच्या व्यासाचे. परिणामी अर्धा इंची अमेरिकी पान्याचे तोंड १२.७० मिलिमीटर, मेट्रिक १३ चे तेवढेच १३.००, आणि ‘पाव इंच’ लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचे १३.३४ मिलिमीटर. तिन्ही हाताला सारखेच लागतात. पण सैल पाना बोल्टाचे कोपरे गोल करून सोडतो.

याहून बोधप्रद उदाहरण मॉरिस गाड्यांचे आहे. मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील इंजिन-कारखाना घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक मापाची होती. म्हणून पुढे कित्येक वर्षे मॉरिसच्या इंजिनांत आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ पान्याची, असा विलक्षण संकर चालू राहिला. भारतातील ‘हिंदुस्थान १०’ ही गाडी मॉरिस टेनवरूनच घेतलेली. कॉव्हेंट्रीतील एका खरेदीखताचा परिणाम अशा रीतीने दोन दशकांनी हिंदुस्थानातील मिस्त्रीच्या मनगटाला जाणवला.

४

आता गंजाकडे वळू. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. आट्यांमधल्या पोकळीत त्याला पसरण्यास जागा नसल्याने तो पाचरीसारखे काम करतो. पद्मिनीच्या इंजिनात बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असते व त्यातून पोलादी स्टड जातात. दोन भिन्न धातू आणि खाडीची खारट दमट हवा यांच्या योगाने ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी स्टडभोवती घट्ट बसते. चाक्या काढल्यावरही हेड वर येत नाही, त्याचे कारण हे.

यावरचे उपाय एका निश्चित क्रमाने योजले जातात आणि त्या क्रमातच त्यांचे शास्त्र आहे. प्रथम तारेच्या ब्रशाने आटे साफ करावयाचे. मग रॉकेल व तेलाचे पातळ मिश्रण सोडून ते रात्रभर मुरू द्यावयाचे. नंतर डोक्यावर हातोड्याचे नेमके ठोके. त्याने गंजाच्या थरास तडे जातात. पाना लावल्यावर बोल्ट आधी किंचित आवळून मग सोडावयाचा, आणि थोडा पुढे थोडा मागे असा फिरवावयाचा. एवढ्याने न भागल्यास गॅसची ज्योत. येथे बोल्ट नव्हे, चाकी तापवावी लागते. ८ मिलिमीटर छिद्राची पोलादी चाकी ५०० अंश सेल्सिअसने तापली तर छिद्र सुमारे ०.०५ मिलिमीटरने रुंदावते. ही फट केसाएवढीही नसते, पण गंजाची पकड सुटण्यास पुरेशी होते. चाकीचे कोपरे आधीच गेले असतील तर ती छिन्नीने फोडणे हेच शहाणपण.

बोल्ट तुटलाच तर प्रश्न गंभीर होतो. तुकडा थोडा वर असेल तर त्यावर नवी चाकी वेल्ड करतात. जोडाबरोबर उष्णताही मिळत असल्याने हा उपाय बहुधा यशस्वी होतो. तुकडा आत असेल तर त्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून भोक पाडावे लागते. भोक एका बाजूस गेले तर मूळ आटेच कापले जातात. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरताना विशेष सावधगिरी हवी. तो कठीण पोलादाचा असल्याने आत मोडला तर साधा ड्रिल त्याला कापू शकत नाही. सर्व उपाय थकले तर ६.८ मिलिमीटरच्या भोकात ८ चा टॅप फिरवून आटे नव्याने साफ करतात. तेही बिघडले असतील तर १० चा स्टड बसवितात किंवा तारेच्या वेटोळ्याचा नवा आटा आत घालतात.

५

या कसबास हल्ली सरसकट ‘जुगाड’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती दिशाभूल करणारी आहे. जुगाडात कार्य साधले की झाले, असा भाव असतो. वरील क्रमात सौम्य उपाय आधी व न परतणारा उपाय शेवटी, असा विवेक आहे. तो ग्रंथांतून आला नाही, उमेदवारीतून आला. परंतु एवढ्याने तो शास्त्र या पदवीस अपात्र ठरत नाही.

इतिहासकाराच्या दृष्टीने यातून एक पद्धत सुचते. ज्या ठिकाणी मूळ ८ चा स्टड असावयास हवा तेथे १० चा आढळला तर तेथे किमान एकदा आटे गेले होते, हे निश्चित. मेट्रिक गाडीत इंची बोल्ट आढळला तर सुट्या भागांची टंचाई अगर अनभिज्ञ हात, यांपैकी एकाचा माग लागतो. अर्थात बोल्ट स्वतःची तारीख सांगत नाही, आणि दोन कारणांपैकी खरे कोणते हेही तो सांगत नाही. त्यासाठी गाडीची नोंदणीपत्रे, गॅरेजच्या वह्या व मिस्त्रींच्या तोंडी साक्षी यांची जोड अपरिहार्य आहे.

हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. मुंबईत टॅक्सीस २० वर्षांची वयोमर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. २०२१ पासून जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरणही अमलात आले आहे. शिळफाटा-डायघर भागातील भंगाराच्या गोदामांत गाडी गेली की ती गॅसने कापली जाते. तेथे बोल्ट सोडविण्याची गरजच उरत नाही. ज्यांनी ते आयुष्यभर सोडविले ते कारागीर वृद्ध झाले आहेत, आणि ते आपल्या विद्यापीठांपासून लोकलच्या काही स्थानकांइतक्याच अंतरावर राहतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वही व व्हर्निअर घेऊन त्यांच्याकडे जावे. दप्तरखान्यातील कागद आणखी काही वर्षे वाट पाहू शकतील; ही माणसे व ही यंत्रे पाहू शकणार नाहीत.