श्रेयनामावलीबाहेरचे वादक

१९७७ साली मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ प्रदर्शित झाला, तेव्हा तो न पाहिलेले घर आमच्या धर्मग्रामात शोधूनही सापडले नसते. पास्काच्या सणाचे नृत्य रंगलेले आहे, भलेमोठे अंडे उघडते आणि उंच टोपी, एका डोळ्याचा चष्मा व हाती छत्री अशा थाटात अमिताभ बच्चन बाहेर येतात. मग अर्थहीन इंग्रजी वाक्यांची सरबत्ती करून ते आपले नाव सांगतात. चित्रपटगृह हसून लोटपोट झाले. मी तर खुर्चीवर उभाच राहिलो होतो. माझ्या शेजारी बसलेले मामा मात्र हसले नाहीत. ते नाव ऐकताच त्यांनी माझा हात दाबला आणि हलक्या आवाजात सांगितले, की हा माणूस खराच आहे, आणि तो दारू विकणारा नसून व्हायोलिनचा फार मोठा गुरू आहे.

मामा स्वतः चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन वाजवीत. पहिल्या रांगेत नव्हे. गाण्याला तीस-चाळीस व्हायोलिने लागत, त्यांतल्या मागच्या एखाद्या खुर्चीवर. परंतु रेडिओवर गाणे लागले की आम्ही शब्दांकडे कान द्यावा आणि त्यांनी कडव्यांमधल्या संगीताची वाट पाहावी, हा आमच्या घरचा नित्याचा प्रकार होता. हिंदी चित्रपटसंगीताचा मी आजन्म चाहता झालो तो त्यांच्यामुळे, आणि ते ऐकण्याची माझी रीत थोडी तिरपी झाली तीही त्यांच्यामुळेच. पुढील मजकूर एका चाहत्याची मते म्हणूनच वाचकांनी वाचावा. त्यातील इतिहास मात्र जसा घडला तसाच आहे.

हा इतिहास सुरू होतो गोव्याच्या चर्चमध्ये. पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकापासून तेथे धर्मग्रामांच्या शाळा निघाल्या आणि त्यांत धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकविले जाऊ लागले. शिकविणाऱ्यास ‘मेस्त्र’ म्हणत. मुलाने आधी स्वरलिपी वाचावी, प्रत्येक स्वर त्याच्या नावाने गावा, मग व्हायोलिन हाती घ्यावे, असा तेथील क्रम असे. हेतू साधा होता : मिस्सेच्या गायनवृंदाला आणि सणाच्या मिरवणुकीला वादक हवे होते. पण या साध्या हेतूतून एक अशी गोष्ट घडली, जी त्या शाळा काढणाऱ्यांच्या स्वप्नातही नसावी. समोर ठेवलेला, पूर्वी कधीही न पाहिलेला कागद वाचून तत्क्षणी वाजवू शकणाऱ्या माणसांची एक परंपराच पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिली. गोव्यात रोजगार तुटपुंजा. म्हणून ही माणसे ब्रिटिश हिंदुस्थानात पांगली. पोलिसांचे बँड, हॉटेलांतील नृत्यवृंद, मूकपटांच्या काळात पडद्याखाली बसून वाजविणारे संच, सर्वत्र ती दिसू लागली. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात त्यांच्या गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. जेर महालातील कुडींत एका भिंतीशी ट्रंका रचलेल्या, एका कोपऱ्यात वेदी, आणि खुंटीला वाद्याची पेटी.

यांपैकी हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. १९४० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात त्यांचा वृंद वाजत असे आणि हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून लोक त्यांच्या ट्रम्पेटचे कौतुक करीत. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील रात्रींची रया जात चालली, आणि त्याच सुमारास चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद विस्तारत गेले. वादक स्टुडिओंकडे वळले. चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर आणि हळदोण्याचा हा ट्रम्पेटवादक यांच्या मैत्रीतून भगवानदादांच्या ‘अलबेला’चे (१९५१) संगीत फुलले. त्यातील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. माझ्या मते हिंदी चित्रपटात पाश्चात्त्य ताल आणि मराठी मातीतला ठसका इतक्या निःसंकोचपणे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून पुन्हा क्वचितच नाचले असतील. ज्यांना या संगीताचे वर्णन ‘नक्कल’ या एका शब्दात उरकावेसे वाटते, त्यांनी ती गाणी पायांनी ऐकली नाहीत, एवढेच मी म्हणेन.

स्टुडिओत काम कसे चाले, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सारा प्रश्न तेथेच आहे. संगीतकार हार्मोनियम घेऊन चाल बांधी. पुष्कळशा संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिता येत नसे; त्यांच्या घडणीत तिची गरजही नव्हती. मग शेजारी बसे तो अरेंजर, म्हणजे वाद्यसंयोजक. तो चाल ऐकून कागदावर उतरवी. पहिल्या व्हायोलिनांनी काय वाजवायचे, दुसऱ्यांनी काय, चेलोने कोठे खाली उतरायचे, बासरी कोठे डोकावेल, हे ठरवून प्रत्येक वादकासाठी वेगळी पाने तयार होत. गायिकेचा स्वर लांबला की त्याच्या पाठीमागून दुसरी एक सुरावट हळूच चालत येई. ती तिला अडवीत नसे आणि सोडूनही जात नसे. त्या काळी निरनिराळे भाग वेगवेगळे मुद्रित करून नंतर जोडण्याची सोय नव्हती. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत किंवा फिल्म सेंटरमध्ये गायक, तबला-ढोलकवाले, सतार, सारंगी आणि व्हायोलिनांचा ताफा असे सारे एकाच वेळी वाजवीत. शेवटच्या ओळीत एकाचा गज घसरला तरी सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. मामा सांगत, की अशा वेळी कोणी मागे वळून पाहत नसे. ज्याची चूक असे त्याचे कान आपोआप लाल होत.

या कामात सेबॅस्टियन डिसोझा यांच्या तोडीचा माणूस मला दिसत नाही. गोव्याच्या रेइश मागुश गावचे सेबॅस्टियन हे फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात वृंद चालवीत. तेथेच ओ. पी. नय्यर यांच्याशी त्यांची ओळख झाली. फाळणीने लाहोर सुटले. मुंबईत ते नय्यर यांचे आणि पुढे दीर्घकाळ शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले. या दोन संगीतकारांच्या शैली किती भिन्न! नय्यर यांची चाल घोड्याच्या टापांवर दौडणारी, तर शंकर-जयकिशन यांची व्हायोलिनांच्या लाटांवर तरंगणारी. दोन्हीकडे लेखणी एकाच माणसाची असून कोठेही तो स्वतःला पुढे करीत नाही. हा गुण मला प्रतिभेइतकाच मोठा वाटतो. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत साहाय्यक म्हणून दोन नावे येत : दत्ताराम आणि सेबॅस्टियन. आडनावे नाहीत, नुसती नावे. तरीही हा त्या काळचा मानच म्हणायचा, कारण बहुतेकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

येथे आपल्या लोकांच्या एका आवडत्या विधानाशी माझा मतभेद आहे. ‘हिंदी चित्रपटसंगीत खरे तर आपल्याच माणसांनी निर्माण केले, नावे मात्र इतरांची लागली,’ असे लग्नाच्या मांडवात आणि सणाच्या जेवणावळीत मी अनेकदा ऐकले आहे. पूर्वी मीही मान डोलावीत असे. आता तसे करीत नाही. चाल नौशाद यांची होती, नय्यर यांची होती, जयकिशन यांची होती. राग, ठुमरी, लोकगीत यांतून ती त्यांच्याकडे आली होती आणि ती नसती तर संयोजकाच्या लेखणीला उमटायला कागदच नव्हता. आपण त्यांचे घेऊ पाहिले, तर आपल्यावर झालेल्या अन्यायाची तक्रार करण्याचा अधिकारच गमावू. जे आपले आहे ते वेगळे आहे आणि तेही लहान नाही : दोन संगीतपद्धती एका खोलीत बसून वाजवू शकतील अशी जागा या माणसांनी तयार केली. त्या कारागिरीला नाव आणि योग्य मोबदला मिळायला हवा होता. वाजविणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे मिळत आणि हिशेब तेथेच संपे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजले तरी.

मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांना ही जागा पुरेशी वाटली नाही, म्हणून त्यांची कथा मला सर्वांत हुरहूर लावते. त्यांचा जन्म १९२७ चा. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. धडे घरातच मिळाले. १९४३ साली ते मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वृंदात व्हायोलिन वाजवू लागले. वांद्र्याला ते शिकवणीही घेत. ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मा यांचा मुलगा प्यारेलाल हा तेथला शिष्य. गोन्साल्विसांना हिंदुस्थानी रागांची ओढ लागली होती. रागाचे रूप न मोडता तो सिम्फनीच्या वाद्यवृंदाने कसा वाजवावा, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात जाहीर मैफल केली. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. एरवी जे वादक काचेआड, कोणाला न दिसता वाजवीत, ते त्या संध्याकाळी खुल्या आकाशाखाली लोकांसमोर बसले, आणि त्यांच्यापुढे त्यांच्यापैकीच एकाने लिहिलेला कागद होता. पाहता न आलेल्या मैफलींपैकी एकीला जाण्याची मुभा मला मिळाली, तर मी बीटल्सकडे जाणार नाही. त्या चौकात मागच्या बाकावर जाऊन बसेन.

त्या प्रयोगाला पुढे हवा तसा आश्रय लाभला नाही. सारंग रागावर कॉन्चेर्टो लिहिणाऱ्याला चित्रपटसृष्टीत काम मिळे, कॉन्चेर्टोला श्रोते मिळत नसत. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठाकडे गेले. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या स्टुडिओंची वाट धरली नाही. मजोर्ड्याला आपल्या घरी ते शांतपणे राहिले. शिष्य मात्र विसरला नव्हता. ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात नायकाचे आडनाव आधी फर्नांडिस होते, ते चालीत नीट बसेना, तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंचे नाव सुचविले, अशी हकीगत सांगितली जाते. गुरुदक्षिणा म्हणून ती हृद्य आहे यात संशय नाही. पण काय दैव पाहा! ज्याने आयुष्यभर राग आणि सिम्फनी यांचा मेळ घातला, त्याचे नाव देशभर झाले ते अंड्यातून निघणाऱ्या एका प्रेमळ दारूवाल्यामुळे.

या दारूवाल्याबद्दलही बोललेच पाहिजे. आपल्याकडे ‘अमर अकबर अँथनी’वर रागावणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. तो अँथनी देवाशी भांडतो, हिशेब ठेवतो, आपल्या फादरवर जीव टाकतो. मला त्रास होतो तो त्या एका पात्राचा नव्हे, तर तेच तेच पात्र पुनःपुन्हा दिसण्याचा. ‘बॉबी’तील (१९७३) जॅक ब्रागांझा आठवावा. बाटली, गिटार आणि मोडकी हिंदी एवढ्यावर पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस उभा केला जाई, आणि त्याच चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला खरे ख्रिस्ती गृहस्थ नाकावर चष्मा ठेवून, चुकांविना पाने वाचीत बसलेले असत. अपवाद होते. ‘अनाडी’तील (१९५९) मिसेस डिसा ललिता पवार यांनी अशी साकारली, की आमच्या आजीला ती आपली शेजारीण वाटे. आणि बासू चटर्जी यांचा ‘बातों बातों में’ (१९७९)! त्यात वांद्र्याचे एक साधे कुटुंब आहे, लोकल गाडी आहे, लग्नाची चिंता करणारी आई आहे, आणि घरात एक मुलगा सतत व्हायोलिन वाजवीत असतो. मामांनी तो चित्रपट तीनदा पाहिला. कारण विचारले, तर मुलगा गज चुकीचा धरतो, असे ते म्हणत.

कोकणी चित्रपटात तरी आपली माणसे पडद्यावर व पडद्यामागे एकत्र आली. ट्रम्पेट आणि व्हायोलिन वाजविणारे फ्रँक फर्नांड यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे चित्रपट काढले. ‘निर्मोण’वरून पुढे हिंदीत ‘तकदीर’ (१९६७) झाला. ख्रिस पेरी यांच्या चाली आणि लोर्ना यांचा आवाज यांवर आमच्या पिढीची लग्ने पार पडली. २०१४ चा ‘नाचूंया कुंपासार’ त्याच संगीतावर उभा आहे. त्यात संगीत उत्तम वाजले आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकांतला घाम मात्र मला त्यात कमी जाणवला. हे म्हाताऱ्या कानांचे मत म्हणून सोडून द्यावे.

१९८० नंतर सिंथेसायझर आला. तीस व्हायोलिनांचे काम एक माणूस दोन हातांनी करू लागला. मामांना येणारे निरोप आधी विरळ झाले, मग थांबले. कोणी तसे कळविले नाही. काही वर्षांनी अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले. २००८ साली ग्रेगरी बूथ यांचे पुस्तक इंग्रजीत आले, २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहल फॉक्सट्रॉट’, आणि मराठी चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी गोन्साल्विसांवर माहितीपट केला. प्यारेलाल यांना २०२४ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा मला त्यांच्या गुरूंची आठवण झाली.

अँथनी गोन्साल्विस १८ जानेवारी २०१२ रोजी वारले. त्यांच्या मृत्यूच्या बातम्यांतही त्यांची ओळख त्या गाण्यावरूनच करून दिली होती. मामा तोवर हयात होते. बातमी मी त्यांना वाचून दाखविली. त्यांनी पेटी खाली काढायला सांगितली, व्हायोलिनच्या तारा सैल होत्या त्या बराच वेळ जुळविल्या, आणि न वाजविताच ते पुन्हा पेटीत ठेवले.