इंजिन तापतं तेव्हा : विहिरीवरच्या इंजिनापासून ट्रॅक्टरपर्यंत



चिखलणी ऐन भरात असते आणि जुन्या ट्रॅक्टरमधून वाफ निघू लागते. अशा वेळी आपला हात आधी जातो तो रेडिएटरच्या झाकणाकडे. ही सवय कुठून आली, ते पाहण्यासारखं आहे.

मोट गेली, विहिरीवर डिझेल इंजिन आलं. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि तिची इंजिनं गावोगाव पोचली. पंपाने ओढलेलं थोडं पाणी नळीने इंजिनातून फिरवायचं, नाहीतर शेजारी पाण्याचं पिंप ठेवायचं. सारं उघडं. तापलं तर आणखी पाणी सोडलं की भागत असे.

ट्रॅक्टरला मात्र विहीर बरोबर नेता येत नाही. तेच पाणी वाऱ्याने थंड करून पुन्हा वापरावं लागतं. १९१७ साली निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरला पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. पाणी जरा कमी झालं की हा फेरा तुटे. पुढे पंप आला, थर्मोस्टॅट आला आणि दाब धरणारं झाकण आलं.

आपल्याकडे १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. तिचा बी-२७५ ट्रॅक्टर मुंबईत कांदिवलीला तयार होई. १९७७ साली ती महिंद्रात विलीन झाली. ट्रॅक्टर शेतात आला, पण हाताला सवय राहिली ती विहिरीवरच्या इंजिनाची.

इथेच धोका आहे. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या पुढे तापलं तरी उकळत नाही. झाकण काढताच दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर उडतं. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाते.

म्हणून आधी नांगर किंवा रोटाव्हेटर सोडवा आणि इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवा. पट्टा तुटला असेल किंवा पाणी गळून गेलं असेल, तर मात्र लगेच बंद करा. निदान अर्धा तास थांबा. मग जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा.

पनवेलच्या भातपट्ट्यात पहिला संशय जाळीवर घ्यावा. चिखल आणि पेंढ्याची कुसं तिच्यात अडकून वारा बंद होतो. जाळी पंख्याच्या बाजूने, पाण्याचा जोर बेताचा ठेवून धुवा. मग पंख्याचा पट्टा, रबरी नळ्या आणि ऑइल तपासा. खाडीकाठचं खारं पाणी रेडिएटरमध्ये भरू नका. गंज चढतो, आत थर धरतो. थर्मोस्टॅट बिघडला तर काढून फेकू नका, नवा बसवा. पाण्यात बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधासारखं दिसत असेल, तर ट्रॅक्टर चालवू नका, मिस्त्रीला बोलवा.

घरात ट्रॅक्टर मुलगा चालवत असेल, तर हे पत्रक त्याला जरूर वाचून दाखवा.