अंगणातला कॅमेरा : बामाकोच्या दोन फोटोग्राफरांनी राखलेला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्यासमोर तख्त, तलवार आणि तहनामे येतात. मुस्लिम समाजाचा इतिहास म्हटला की बादशहा आणि सुलतान, किल्ले आणि मकबरे. आणि अलीकडच्या काळाबद्दल बोलायचे तर दंगली, फाळणी आणि युद्धे. या दोहोंच्या मधे जो साधा मुसलमान जगला, ज्याने ईदला नवे कपडे शिवले, मुलीचा निकाह लावला, बाळाचा अकीका केला, दोस्तांच्या खांद्यावर हात टाकून हसला, त्याची नोंद कुठे आहे? दरबारी तवारिखांत ती नाही आणि सरकारी दप्तरातही फारशी नाही. मात्र पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात ती सापडते. तेथे ही नोंद कोणा इतिहासकाराने केली नाही. गल्लीतल्या फोटोग्राफरांनी केली. तीही पोटापाण्याच्या धंद्यातून, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आणि नातेवाइकांचे फोटो काढता काढता.

माली हा नव्वद टक्क्यांहून अधिक मुस्लिम वस्तीचा देश. तिंबुक्तूच्या मशिदी आणि हस्तलिखिते यांमुळे त्याचे नाव आपल्याला ऐकून माहीत असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात गेला आणि त्याला ‘फ्रेंच सुदान’ म्हणू लागले. नायजर नदीच्या काठावरचे बामाको ही त्याची राजधानी. सेनेगलमधील डाकारहून येणारी रेल्वे बामाकोपर्यंत पोचली तशी व्यापारी, कारकून, शिपाई आणि कारागीर यांची शहरात रीघ लागली.

कॅमेरा या मुलखात आला तो राज्यकर्त्यांबरोबर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डाकारमध्ये एदमाँ फोर्तिये नावाचा फ्रेंच फोटोग्राफर होता. १९०६ मध्ये तो तिंबुक्तूपर्यंत जाऊन आला. त्याने काढलेल्या फोटोंची पोस्टकार्डे मोठ्या प्रमाणावर युरोपात गेली. त्यांतल्या कित्येक कार्डांवर माणसाचे नाव नसे. अमुक जमातीची स्त्री, तमुक जमातीचा पुरुष, एवढेच लिहिलेले असे. फोटोतली व्यक्ती कोणाची आई होती, कोणाचा भाऊ होता, हे विकत घेणाऱ्याला जाणून घ्यायचे नव्हते. तो एक नमुना होता. हाच कॅमेरा पुढे त्याच माणसांच्या घरातल्या पोराच्या हाती आला तेव्हा काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

सेदू केईता यांचा जन्म १९२१ च्या सुमारास बामाकोत झाला. वडील सुतार. सेदूही लहानपणापासून लाकूडकामाला लागले. १९३५ मध्ये त्यांचे चाचा सेनेगलहून परतले आणि त्यांनी पुतण्याला एक साधा ब्राउनी कॅमेरा भेट दिला. चौदा वर्षांच्या मुलाने पहिले फोटो कोणाचे काढले असतील? घरच्यांचे आणि मित्रांचे. काही बिघडले, काही जमले. मग मुंतागा देम्बेले या शिक्षक-फोटोग्राफरांकडून त्यांनी फोटो धुण्याचे काम शिकून घेतले. सुतारकाम चालूच होते. मागणी येईल तसे फोटो काढायचे, असे बरेच दिवस चालले. १९४८ मध्ये बामाको-कुरा, म्हणजे ‘नवे बामाको’, या मोहल्ल्यात घराच्याच आवारात त्यांनी स्टुडिओ थाटला.

स्टुडिओ म्हणजे काय, तर एक अंगण, वरून येणारे उन्हाचे उजेड आणि मागे टांगलेला कपडा. सुरुवातीचा हा कपडा म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बिछान्यावरची झालरीची चादर! दर दोन-तीन वर्षांनी ते पडदा बदलत. पुढे आपल्या फोटोंवर तारखा नसताना कोणता फोटो कोणत्या वर्षांतला हे ते मागच्या पडद्यावरून सांगू शकत. कॅमेरा तिपाईवरचा, मोठा. निगेटिव्ह तेरा बाय अठरा सेंटिमीटरची आणि तेवढ्याच आकाराची प्रिंट. फिल्म महाग, म्हणून बहुतेकांचा एकच फोटो निघे. तेव्हा तो एक फोटो नीट यावा यासाठी गिऱ्हाइकाला कसे बसवायचे, हात कुठे ठेवायचा, मान किती वळवायची, यावर त्यांचे सारे लक्ष असे.

स्टुडिओत कोट, टाय, हातघड्याळ, फाउंटन पेन, रेडिओ अशा वस्तू ठेवलेल्या असत. ज्याच्याकडे नाही त्याने फोटोपुरते घ्यावे. पुढे त्यांची स्वतःची मोटारही कित्येक फोटोंत आली. कोणी म्हणेल, हा तर खोटेपणा. उसने घड्याळ घालून साहेब होण्यात काय अर्थ? परंतु जरा विचार केला तर वेगळे दिसते. फोर्तियेच्या पोस्टकार्डात माणूस कसा दिसावा हे कॅमेरेवाला आणि त्याचे युरोपी गिऱ्हाईक ठरवत होते. केईतांच्या अंगणात ते फोटोतला माणूस ठरवत होता, कारण पैसे तोच मोजत होता आणि फोटो त्याच्याच घरी जाणार होता. या फोटोंमध्ये एका उंच, धिप्पाड पुरुषाच्या हातात बाळ आहे. त्या बापाच्या चेहऱ्यावरचा अभिमान आणि बाळाला धरण्यातली काळजी पाहिली की मुस्लिम पुरुषाबद्दल जगभर पसरवलेल्या कितीतरी कल्पना आपोआप गळून पडतात.

बकरी ईदला त्या भागात ‘तबास्की’ म्हणतात. रमजान ईद आणि तबास्की हे या धंद्याचे मोठे दिवस. नवे कपडे अंगावर असताना फोटो काढून घ्यायचा, ही रीत पडली होती. बायकांचे भरतकाम केलेले झगे, डोक्याला बांधलेले रुमाल, कानातले सोने. सगळे त्या फोटोंत उतरले आहे. एका शहराच्या पोशाखाचा, दागिन्यांचा आणि हौसेचा इतिहास लिहायचा म्हटले तर याहून चांगले साधन मिळणार नाही.

इथे आपल्या मनात एक प्रश्न येणारच. तस्वीर जायज आहे का? हा वाद मालीपुरता नाही आणि आपल्या घरांनाही तो परका नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमध्ये शेख मुहंमद अब्दुह यांनी चित्र आणि पुतळे यांच्याकडे ज्ञानाचे साधन म्हणून पाहावे, पूजेचा धोका नसेल तर त्यांना हरकत नसावी, असे मत मांडले. पुढे इजिप्तचे मुफ्ती मुहंमद बखीत अल-मुतीई यांनी फोटोवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. फोटो काढणे म्हणजे अल्लाहच्या निर्मितीची नक्कल करणे नव्हे. आरशात पडते तशी सावली फक्त धरून ठेवणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. याच्याशी सहमत नसलेले उलेमा तेव्हाही होते, आजही आहेत. वाद मिटलेला नाही. परंतु बामाकोच्या सामान्य माणसाने नमाज सोडली नाही आणि ईदचा फोटोही सोडला नाही. ही गोष्टही इतिहासच आहे, आणि ती फतव्यांच्या पुस्तकात सापडत नाही.

२२ सप्टेंबर १९६० रोजी माली स्वतंत्र झाला. मोदिबो केईता पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. सेदू केईता यांना सरकारी फोटोग्राफर म्हणून कामाला घेण्यात आले आणि थोड्याच अवधीत त्यांचा स्टुडिओ बंद पडला. अंगणातला माणूस सरकारी सभांचे फोटो काढू लागला. १९७७ मध्ये ते निवृत्त झाले. निगेटिव्ह मात्र त्यांनी जपून ठेवल्या होत्या, हजारोंच्या संख्येने.

त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या भागात, बागादाजी मोहल्ल्यात, एका तरुणाचा स्टुडिओ नावारूपाला येत होता. मालिक सिदिबे यांचा जन्म १९३५-३६ च्या सुमारास सोलोबा या खेड्यात, गुरे पाळणाऱ्या फुलानी कुटुंबात झाला. शाळेत चित्रे चांगली काढत म्हणून त्यांना बामाकोच्या कारागीर शाळेत पाठवले गेले. तिथे ते दागिने घडवायला शिकले. १९५५ मध्ये एका फ्रेंच फोटोग्राफराने त्यांना दुकान सजवायला बोलावले आणि मग मदतनीस म्हणून ठेवून घेतले. मालक युरोपी लोकांच्या समारंभांना जाई. आफ्रिकी लोकांकडचे निकाह, बाळाच्या नामकरणाचे सोहळे आणि तरुणांच्या मेजवान्या सिदिबेंकडे आल्या. लहान कॅमेरा, फ्लॅश आणि सायकल, एवढ्या भांडवलावर ते शहरभर फिरत.

स्वातंत्र्याच्या त्या पहिल्या वर्षांत बामाकोच्या तरुणांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत क्लब काढले होते. शनिवारी रात्री कोणाच्या तरी अंगणात ग्रामोफोन लागे, क्यूबाची आणि अमेरिकेची गाणी वाजत. सिदिबे एका रात्रीत तीन-चार ठिकाणी जात, पहाटे परतत आणि लगेच फोटो धुवायला बसत. छोट्या छोट्या प्रिंटा जाड रंगीत कागदावर चिकटवून, त्यावर क्लबाचे नाव आणि तारीख घालून ते स्टुडिओसमोर मांडत. पोरे येत, आपला फोटो शोधत, हसत, ऑर्डर देत. धंद्यासाठी केलेली ही पुठ्ठ्यांची रचना आज त्या दशकाची दैनंदिनी झाली आहे. कोणत्या रात्री, कोणत्या मोहल्ल्यात, कोण कोण जमले होते, ते त्यावरून कळते.

१९६३ सालचा त्यांचा एक फोटो जगभर गेला. रात्रीच्या अंगणात एक मुलगा आणि एक मुलगी डोके जवळ आणून नाचत आहेत. मुलगी अनवाणी आहे. बहुतेक पाहणाऱ्यांना ते प्रियकर-प्रेयसी वाटतात. प्रत्यक्षात ते भाऊ-बहीण आहेत. फोटो काढणारा त्यांच्यातलाच होता म्हणून हे कळले. परक्या कॅमेरेवाल्याला ते नाते कधीच समजले नसते.

हे दिवस टिकले नाहीत. १९६७ नंतर सरकारी मिलिशियाने तरुणांच्या कपड्यांवर, केसांवर आणि संगीतावर नजर ठेवायला सुरुवात केली. परकीय फॅशन म्हणजे क्रांतीशी द्रोह, अशी ती समजूत. १९ नोव्हेंबर १९६८ रोजी लष्कराने सत्ता घेतली. माणसे बदलली, तरी रात्रीच्या संचारबंदीची सवय राज्यकर्त्यांना राहिलीच. आणि पुढे २०१२ मध्ये देशाच्या उत्तर भागावर सशस्त्र गटांनी कब्जा केला तेव्हा त्यांनी संगीतावर बंदी घातली आणि तिंबुक्तूमधील सूफी संतांच्या मजारी फोडल्या. एकाने समाजवादाचे नाव घेतले, दुसऱ्याने धर्माचे. सामान्य माणसाने कसे दिसावे आणि कशात आनंद मानावा हे आम्ही ठरवू, हा आग्रह दोघांचा सारखाच. त्यांच्या दाव्याला उत्तर म्हणून सिदिबेंचे पुठ्ठे पुरेसे आहेत. हा समाज असाही जगत होता, याचा तो पुरावा आहे.

या कहाणीत एक बोचणारी गोष्ट आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कला आफ्रिकी कलेचे एक मोठे प्रदर्शन भरले. त्यात बामाकोचे काही सुंदर फोटो होते आणि खाली लिहिले होते, ‘फोटोग्राफर अज्ञात’. ज्या माणसाचे नाव अख्खे बामाको जाणत होते, तो न्यूयॉर्कच्या भिंतीवर अज्ञात ठरला! फ्रान्सहून एक जाणकार शोध घेत बामाकोला गेला तेव्हा उत्तर मिळायला वेळ लागला नाही : हे सेदू केईतांचे काम. १९९४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. सिदिबे यांना २००३ मध्ये हासेलब्लाड पुरस्कार मिळाला आणि २००७ मध्ये व्हेनिसच्या कलामेळ्यात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी आणि पहिले फोटोग्राफर. २०१६ मध्ये तेही गेले.

परंतु फोटोग्राफराला नाव मिळाले, तरी फोटोतल्या माणसांचे काय? केईतांच्या हजारो फोटोंतली बहुतेक माणसे आज बिननावाची आहेत. ज्यांच्या घरात ते फोटो होते त्यांना नावे पाठ होती, म्हणून कोणी लिहून ठेवली नाहीत. पिढी गेली, नावे गेली. फोर्तियेच्या पोस्टकार्डावर नाव नव्हते कारण त्याला गरज वाटली नाही. इथे नाव हरवले ते आपुलकीच्या भरवशामुळे. कारण वेगळे असले तरी शंभर वर्षांनी पाहणाऱ्याला दोन्ही चेहरे सारखेच अनोळखी. म्हणूनच २०११ पासून बामाको आणि अमेरिकेतील मिशिगन येथील अभ्यासकांनी मिळून मालीतील पाच फोटोग्राफरांच्या सुमारे एक लाख निगेटिव्ह साफ करून, त्यांची नोंद करून त्या संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले. उष्णता, धूळ आणि ओल यांतून त्या वाचवायच्या आणि कुटुंबांकडून शक्य तेवढी माहिती गोळा करायची, असे हे दुहेरी काम आहे.

आपला साधा माणूस इतिहासात नाही, अशी तक्रार मुस्लिम मराठी लेखक वर्षानुवर्षे करत आले आहेत. ती खरी आहे. पण तो माणूस अनेकदा आपल्याच घरात, लोखंडी पेटीच्या तळाशी, जुन्या लिफाफ्यात पडून असतो. निकाहाच्या दिवशी शेरवानीत अवघडून उभे राहिलेले दादाजान, हजला जाताना पासपोर्टसाठी आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढणारी नानी, ईदगाहबाहेर ओळीने उभी असलेली भावंडे. त्यांना ओळखणारे एखादे बुजुर्ग अजून घरात असतील. त्यांच्यासमोर तो लिफाफा उघडावा, विचारावे, आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल आणि फोटो काढणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. बामाकोला जे करायला उशीर झाला ते आपल्याला आजही करता येईल. येत्या ईदला सगळे घरी जमतील. तेवढे निमित्त पुरे आहे.