काडतूस कोणी निवडले?

येवला म्हटले की पैठणीपाठोपाठ तात्या टोपे आठवतात. रामचंद्र पांडुरंग येवलेकर यांचा जन्म येथे १८१४ साली झाला आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस त्यांना फाशी देण्यात आले. ज्या उठावात ते लढले त्याची ठिणगी एका काडतुसाने पडली, हे आपण शाळेतच शिकतो. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ शिकवताना आम्हीही ‘काडतूस’ या शब्दावरून सहज पुढे जात असू. पोर्तुगीज ‘कार्तुशु’पासून आलेला हा शब्द मात्र थोडे थांबून पाहावा असा आहे.

आज काही देशांत एकाच अर्धस्वयंचलित रायफलीची नळी आणि बोल्ट बदलून निरनिराळी काडतुसे वापरता येतात. मग शिकारी सावजाचे वजन, अंतर आणि गोळीचा वेग यांचा मेळ घालतो. मोकळ्या माळावरील, सुमारे चाळीस किलोंच्या काळविटासाठी सरळ जाणारी हलकी, वेगवान गोळी पुरते. गव्यासाठी जड गोळी लागते. गोळी हलकी पडली तर जनावर जखमी होऊन तडफडत राहते. म्हणून ही निवड केवळ हौसेची नसते, तिच्यात नीतीचाही अंश असतो.

आपल्या देशात मात्र ही निवड शिकाऱ्याच्या हाती पूर्णपणे कधी आलीच नाही. १८५७ साली एनफील्ड रायफलीचे चरबी लावलेले कागदी काडतूस दातांनी तोडण्याचा हुकूम शिपायांना झाला, तेव्हा निवड सरकारची होती आणि धर्मसंकट शिपायाचे. पुढे १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली; युरोपियनांना मोकळीक राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही शंका साहेबांच्या शिकारीपर्यंतही पोहोचली. .४५० व्यासाच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडून मार्टिनी-हेन्री बंदुकांत वापरल्या जातील या भीतीने त्या व्यासाच्या शिकारी रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली. विलायती कारखानदारांनी मग .४६५, .४७० अशी नवी काडतुसे पुढे आणली. वाघ-गव्यांच्या शिकारीची ही नामांकित काडतुसे अशी राजकीय धास्तीतून पुढे आली.

लष्कराच्या .३०३ काडतुसाचेही तसेच झाले. ते सामान्य परवानाधारकाला वर्ज्य, म्हणून नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल निघाली. स्वातंत्र्यानंतरही ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत राहिली आणि तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे तात्यांच्या फाशीनंतर अवघ्या दहा वर्षांनी उभा राहिलेला. आपल्याकडील काडतुसाचा इतिहास हा असा नेमापेक्षा नियमाचा इतिहास आहे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निवडीचा प्रश्नच मिटवला. येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूरच्या माळांवर आज काळविटांचे कळप दिसतात. काळवीट या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यांची शिकार हा गुन्हा आहे, मग काडतूस कोणतेही असो.

या दोन बंदींना एकच समजणे आम्हांस चुकीचे वाटते. १८७८च्या कायद्यामागे प्रजेचे भय होते; १९७२च्या कायद्यामागे, उशिरा का होईना, मुक्या जिवाची काळजी होती. अर्थात दुसऱ्या कायद्याची किंमतही कोणीतरी मोजतेच. ज्याचे कोवळे पीक कळप रातोरात फस्त करतो त्या कोरडवाहू शेतकऱ्याला काळविटाच्या देखणेपणाचे कौतुक ऐकवणे सोपे नाही. त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळणे हा त्या काळजीचाच भाग आहे. ती मिळाली नाही तर नवा कायदाही त्याला जुन्या सरकारी हुकमासारखाच भासेल.

‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाले, जवळपास त्याच सुमारास, जेव्हा सरकार शिकाऱ्यांच्या गोळ्यांचे व्यास मोजत होते. पुढच्या वर्गात त्या शब्दापाशी आम्ही थांबणार आहोत आणि विद्यार्थ्यांना विचारणार आहोत: हे काडतूस कोणी निवडले, आणि कोणासाठी?